डावीकडची सीट

१

ठकीला बरोबर न्यायचं की विकून टाकायचं, यावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी देश सोडण्यावरूनही झाली नाहीत. देश सोडायचं चहाच्या एका कपावर ठरलं. बायकोला तिकडच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. मी विमा कंपनीतला माणूस. माझं काय ते तिकडे गेल्यावर बघू, असं आम्ही दोघांनीही मोठ्या उत्साहानं म्हटलं. घोडं अडलं ते ठकीपाशी. ठकी म्हणजे बायकोची गाडी. छोटी, राखाडी, मागच्या दाराला पोचा आलेली. लग्नाआधी तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेली, त्यामुळे घरात ती मला सीनियर.

"तिकडे नवी घेऊ," मी म्हणालो.

"हो का? उद्या म्हणशील, नवराही तिकडेच नवा घे."

"अगं, तिकडे लोक रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवतात. स्टिअरिंग डावीकडे असतं. आपलं उजवीकडे. सगळ्या गावाच्या उलट बसणार का तू?"

"बसेन की. मला काय कुणाच्या मांडीवर बसायचंय?"

झालं. मी राजीनामा आधी दिलेला आणि घरात मोकळा, म्हणून सगळा व्याप माझ्याच गळ्यात पडला. गाडी आधीपासून आपलीच आहे, आपण ती खरोखर वापरली आहे, तिकडे नेऊन लगेच विकणार नाही, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, हे सगळं तिकडच्या कस्टमला पटवून द्या. पुढचे दिवे बदला, कारण आपल्या दिव्यांचा उजेड तिकडे समोरच्याच्या डोळ्यांत जातो. खालून धुऊन घ्या, कारण चाकांना इकडची माती लागलेली त्यांना चालत नाही. आणि गाडी रिकामी हवी. रिकामी म्हणजे रिकामी, डिकीत छत्रीसुद्धा नको.

बंदराजवळच्या गोदामात गाडी ताब्यात द्यायला गेलो, तेव्हा मी दमून माझ्या नेहमीच्या सीटवर, डावीकडे, डोळे मिटून बसलो होतो. मी गाडी चालवत नाही. मला भीती वाटते आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. गोदामातला माणूस खिडकीशी आला आणि बायकोला म्हणाला, "आतलं सगळं काढलंत ना? काही राहिलं नाही ना?"

"हा राहिलाय तेवढा," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हाही असाच पाठवला तर चालेल का?"

तो खो खो हसला. मीही हसलो आणि उतरलो.

२

ठकी समुद्रात होती आणि मी घरात. तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर, त्याच्या खिडकीतून खाली सोसायटीचं गेट. बायको सकाळी बसनं जाई, संध्याकाळी येई. मी अर्ज करायचो. माझे अनुभवाचे दाखले इथे कुणालाच कळत नव्हते. दिवसभर भांडी घासायची, खिडकीशी उभं राहायचं आणि ती आली की तिच्या तोंडून प्रयोगशाळेतल्या गमती ऐकायच्या. अमका असा म्हणाला, तमकी तशी हसली. मी ऐकायचो आणि आतल्या आत जळायचो. मला कुणी काही म्हणालंच नव्हतं दिवसभरात!

एका दुपारी क्लिअरिंग एजंटचा फोन आला, गाडी आली म्हणून. बायकोनं काम टाकून धाव घेतली. मला विमानतळावर न्यायला ती अशी धावली असती का, असा विचार माझ्या मनात आला. आम्ही एकाच विमानातून आलो होतो, पण विचार आला.

बंदराच्या आवारात ठकी उन्हात उभी होती. एजंट च्युइंगगम चघळत होता. कस्टमचा अधिकारी, पांढऱ्या मिशांचा, लांबूनच हात करत आला आणि बायकोला म्हणाला, "आत बसलेत त्यांना आधी उतरायला सांगा. तपासणीच्या वेळी आत कुणी बसायचं नाही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

"आत कुणी नाहीये," बायको म्हणाली.

अधिकारी कपाळाला आठ्या घालून गाडीभोवती फिरला. डावीकडच्या काचेशी वाकला, हात आडवा धरून आत बराच वेळ पाहत राहिला. मग सरळ झाला आणि त्यानं बॉनेट उघडायला सांगितलं. एजंट माझ्या कानाशी लागला, "सीटवर प्लास्टिक घातलंय ना प्रवासासाठी. उन्हात चमकतं, माणसासारखं दिसतं. नेहमीचं आहे."

नेहमीचं असेलही. पण नंतर मी पाहिलं, प्लास्टिक फक्त उजवीकडच्या सीटवर होतं.

३

गाडी आली आणि पहिले काही दिवस मी सुखी होतो, हे सांगितलं पाहिजे.

त्याचं कारण गेट. आत शिरताना आडवा दांडा, आणि शेजारी खांबावर कार्ड लावायचं यंत्र. यंत्र अर्थातच डाव्या हाताला, कारण इथल्या सगळ्या ड्रायव्हरांचा हात तिकडे. आमच्या गाडीत तिकडे मी! मी काच खाली करायचो, हात लांब करून कार्ड टेकवायचो, दांडा वर जायचा. मग मी बाहेरून दारावर दोनदा थाप मारायचो, थप थप, एस.टी.चा कंडक्टर मारतो तशी. ही आमची जुनी सवय. आपल्या देशात असतानाही मी रिव्हर्सला मागे बघून "येऊ दे, येऊ दे, बास" करायचो आणि थाप मारायचो. म्हणून गाडीत बसलं की माझं नाव कंडक्टर. घरात कधीच नाही, फक्त गाडीत.

ती एकटी असली की तिची फजिती व्हायची. गाडी थांबवा, उतरा, पुढून वळसा घाला, कार्ड लावा, धावत परत या, मागचे हॉर्न मारतायत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघायचो आणि मनातल्या मनात गुदगुल्या व्हायच्या. वर आली की ती पर्स आपटायची. "कंडक्टर नसला की हाल आहेत बाबा."

असं म्हणाली की मला दिवसभराचा शीण उतरल्यासारखं वाटे. कुठेतरी माझ्यावाचून अडत होतं.

मग एका शनिवारी आमचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून ते आठवतही नाही, बहुतेक माझ्या तोंडावरून. "दिवसभर सुतकी चेहरा करून बसतोस," ती म्हणाली. "मी घरात शिरताना पायऱ्यांवरच माझा जीव दडपतो." मी म्हणालो, मग नको शिरूस. त्यानंतर मी गाडीत बसायचंच सोडलं. म्हटलं, बघू किती दिवस वळसे घालते.

४

आठवडाभरानं असेल. संध्याकाळ होती, लख्ख उजेड होता. मी खिडकीशी कांदा चिरत होतो. ठकी गेटपाशी आली, थांबली. मी सुरी ठेवून मजा बघायला पुढे झालो.

ती उतरली नाही. डावीकडची काच खाली गेली. आतून एक हात बाहेर आला, कार्ड टेकवलं, दांडा वर गेला. मग त्या हातानं दारावर दोनदा थाप मारली. तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज आला. थप थप. आणि गाडी खाली तळघरात शिरली.

मला वरून फक्त टप दिसत होता. टप आणि हात. पुरुषाचा हात, कोपरापर्यंत दुमडलेली बाही.

ती वर आली तेव्हा गालावर लाली होती, ओठावर गाणं.

"कोण होतं बरोबर?" असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर तिनं काहीतरी सांगितलं असतं आणि ते मला पटलं असतं. मला ते पटायला नको होतं. मी ताटं वाढली. ती समोर बसून अगदी मोकळेपणी हसली, मीठ कमी आहे म्हणाली, माझ्या हातावर चापट मारली. मला वाटलं, माणसं पाप लपवायला किती गोड होतात!

दुसऱ्या दिवशी पुन्हा हात. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या थापेनं मला जास्त चीड येत होती. हात असेल कुणाचाही, सहकाऱ्याचा, शेजाऱ्याचा, लिफ्ट दिली असेल वाटेत. पण थाप माझी होती. ती तिनं शिकवली होती त्याला. "आमच्या घरी असं करतात," म्हणून हसत हसत शिकवली असणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

५

ती आंघोळीला गेली की मी किल्ली घेऊन तळघरात जायचो. तिथे ट्यूबलाइट सतत गुणगुणते आणि कुठेतरी पाइपातून पाणी जात असतं. मी डावीकडचं दार उघडून वास घ्यायचो. होय, वास घ्यायचो. ज्याला हसायचं त्यानं हसावं. परका वास नव्हता. सेंट नव्हतं, सिगारेट नव्हती. केस सापडला नाही, चिठोरं सापडलं नाही. सीट मात्र मी बसायचो तेवढीच मागे होती, पाठही तेवढीच कललेली.

मी सीट पार पुढे ओढली. गुडघे डॅशबोर्डला टेकतील इतकी. म्हटलं, बघू या.

पुढच्या सकाळी, ती निघायच्या आधी, मी पुन्हा खाली गेलो. सीट मागे होती. माझ्या मापावर. मी हात ठेवला आणि चटकन काढला. सीट कोमट होती. रात्रभर बंद असलेल्या, थंड तळघरातल्या गाडीची सीट. इंजिन गार, बॉनेट गार, शेजारची सीट गार.

मी स्वतःला समजावलं, की खालून गरम पाण्याचा पाइप जात असेल. गाडीखाली वाकून बघितलंही. तिथे काही नव्हतं.

वर येताना खालच्या मजल्यावरच्या कुत्रेवाल्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या. "काल तुम्ही हात केलात, मी ओळखलंच नाही आधी," त्या म्हणाल्या. "छान चालवता हो गाडी. मला वाटायचं तुम्हाला येत नाही."

"मी चालवत नव्हतो," मी म्हणालो. "आमच्या गाडीत चालवणारा उजवीकडे बसतो. डावीकडे दिसला तो नुसता बसलेला."

"अगं बाई, हो की! मी आपली डावीकडे बघून समजले." त्या हसल्या. "म्हणजे तुम्ही नुसते बसला होता."

"काल?" मी विचारलं.

"काल. चौकात. चेक्सचा शर्ट होता ना, हाच?"

मी खाली पाहिलं. माझ्या अंगात चेक्सचा शर्ट होता. काल तो दिवसभर माझ्याच अंगात होता, आणि मी दिवसभर घरात होतो. कुत्रं कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं आणि माझ्याकडे बघायला तयार नव्हतं. बाईंचा मजला आला, त्या उतरल्या.

म्हातारं माणूस, नजर अधू, असं म्हणून मी सोडून दिलं. पण जेवताना घास फिरत राहिला. माझ्यासारखा दिसणारा! म्हणजे हिनं निवडला तोही माझ्यासारखाच. मग माझ्यात काय काटे होते?

६

रविवारी मी म्हणालो, "चल, मीही येतो बाजारात."

ती खुशीत तयार झाली. मी डावीकडे बसलो. पट्टा ओढला, पाठ टेकली आणि मला कसंतरीच झालं. ज्या खुर्चीतून कुणी आत्ताच उठून गेलंय तिच्यात बसल्यासारखं. सीट माझ्याच मापाची होती, तरी मला तिच्यात अवघडल्यासारखं होत होतं.

परत येताना गेटवर तिनं गाडी थांबवली. मी काच खाली केली, हात लांबवला. सवय मोडली होती. कार्ड यंत्राला टेकेना, बोटांतून निसटून खाली पडलं. मी उतरून उचललं. मागच्यानं हॉर्न मारला.

"काय रे कंडक्टर, आज काय झालं?" ती हसत म्हणाली. "रोज तर कसा झटक्यात करतोस."

"रोज?"

"मग? रोज."

"मी कधी असतो रोज?"

तिनं गाडी तळघरात नेली, लावली, इंजिन बंद केलं आणि मग माझ्याकडे वळली. "हे बघ, पुन्हा तो सुतकी चेहरा नको. रोज तू मला घ्यायला प्रयोगशाळेच्या गेटवर येतोस, आपण इतक्या गप्पा मारत येतो. इथे उतरून तू पुढे लिफ्टनं जातोस. मी सामान घेऊन वर येते तर तू स्वयंपाकघरात आणि तोंड पुन्हा एरंडेल प्यायल्यासारखं. मी काही बोलत नाही. म्हटलं, निदान गाडीत तरी माझा पूर्वीचा माणूस परत मिळाला."

तिचे डोळे भरले होते. इतकं धडधडीत खोटं बोलताना कुणाचे डोळे भरतात का? मी तिच्याकडे टक लावून पाहत राहिलो. एक तर ती मला वेडा ठरवत होती, म्हणजे उद्या कुणी काही सांगितलं तरी त्यावर पांघरूण घालता येईल. किंवा...

किंवाच्या पुढे मी गेलो नाही. पहिलंच मला सोपं वाटलं. बायकोचा यार आहे हे समजून घ्यायला डोकं लागत नाही.

"काय गप्पा मारतो आपण?" मी विचारलं.

"तुझ्याच तर असतात. परवा तू म्हणालास, नोकरी नाही मिळाली तर नाही, मी तुझं जेवण करेन आणि तुझी वाट बघेन, त्यात कमीपणा कसला. मला रडूच आलं. गाडी बाजूला घेतली मी."

हे मी म्हणालो नव्हतो. मी कधीच म्हणालो नसतो. पण ते ऐकून तिचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसलं, आणि तो चेहरा बघायला शेजारी दुसराच कुणी होता.

७

सोमवारी मी बस पकडून तिच्या प्रयोगशाळेपाशी गेलो. ती सुटायच्या बऱ्याच आधी. गेटसमोर एक लांब भिंत होती, तिला टेकून उभा राहिलो. ठरवून टाकलं होतं: आज जो येईल त्याची गचांडी धरायची. किंवा, कुणी आलंच नाही तर, मीच हसत पुढे व्हायचं आणि दार उघडून बसायचं. मग ती म्हणते ते आपोआप खरं होईल.

कुणी आलं नाही. माणसं बाहेर पडली, पांगली. मग आतल्या वाहनतळातून ठकी बाहेर आली. मी हात वर करून पुढे झालो.

गाडीत आधीच दोघं होते.

ती हसत होती. मान मागे टाकून, आपण किती मोठ्यानं हसतोय याचं भान नसल्यासारखी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती अशी हसायची आणि मी तिला गप्प करायचो, लोक बघतात म्हणून. गाडी माझ्यासमोरून गेली. मी धावलो. इतक्या वर्षांत मी धावलो नव्हतो. पुढे सिग्नल लाल झाला म्हणून गाडी थांबली, नाहीतर मी तिथेच कोसळलो असतो.

मी डावीकडच्या काचेवर मूठ आपटली.

काचेत माझा चेहरा होता. घामानं निथळणारा, तोंड उघडं, श्वास फुललेला. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला कळेना की माझं तोंड तर उघडं आहे, मग काचेतलं मिटलेलं कसं. मी मान हलवली. काचेतली हलली नाही. काचेतला चेहरा शांतपणे माझ्याकडे बघत होता. त्यात राग नव्हता. कीव होती, आणि तीच मला सहन झाली नाही.

त्याच्या खांद्यावरून बायको वाकून बघत होती. मी तिचं नाव घेऊन ओरडलो. तिनं माझ्याकडे पाहिलं. रस्त्यात अंगावर येणाऱ्या अनोळखी माणसाकडे बायका पाहतात तसं, डोळ्यांना डोळे न भिडवता. मग तिचा हात पुढे झाला आणि चारी दारांची कुलपं खट्कन लागली.

सिग्नल हिरवा झाला.

८

घरी पोचून मी दार उघडलं. ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. एकटीच. मला बघताच उठली आणि माझ्या गळ्यात पडली.

"किती वेळ लावलास! दूध आणायला गेलास की गाय पिळायला? मला भीती वाटत होती एकटीला."

"दूध?"

"तळघरातून परस्पर गेलास ना दुकानात? कुठाय दूध?"

मी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. खरं सांगायची हीच वेळ होती. अगं, सिग्नलला जो होता तो मी. शेजारी जो होता तो मी नाही. पण ती मला इतकी घट्ट बिलगली होती, तिच्या केसांचा वास इतक्या दिवसांनी माझ्या नाकाशी आला होता, की मी म्हणालो, "दुकान बंद होतं."

"जाऊ दे. बरं झालं आलास." तिनं दाराची आतली कडी घातली, साखळी लावली. "तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीये. कसा धावत आला, काचेवर कसा आपटत होता! आणि माझं नाव कसं ठाऊक रे त्याला?"

"कसा दिसत होता?" मी विचारलं.

ती विचारात पडली. "नीट नाही पाहिलं. तूच म्हणालास ना, त्याच्याकडे बघू नकोस, दारं लाव. तू म्हणालास, बरेच दिवस हा आपल्या मागे आहे, तुला काळजी वाटेल म्हणून बोललो नाही." तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "तू शेजारी नसतास तर मी मेलेच असते. खरंच सांगते."

माझ्या हातावर तिचे ओठ टेकले. ते प्रेम ज्याचं होतं तो खाली तळघरात बसला होता, आणि ते मिळत मला होतं. मी ते घेतलं. कुणाला काय वाटायचं ते वाटो. भुकेला माणूस ताट कुणाचं विचारत नाही बसत. रात्री ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली. मी मनाशी पक्कं केलं: उद्यापासून घरातही मी तसाच. हसेन, बोलेन. वाट बघेन, त्यात कमीपणा कसला. मग त्या गाडीतल्याची तिला गरजच उरणार नाही.

९

दुसऱ्या दिवशी मी मनापासून स्वयंपाक केला. टेबलावर स्वच्छ कपडा घातला. चेक्सचा शर्ट काढून पांढरा घातला. आरशासमोर हसून पाहिलं. जरा ताणल्यासारखं वाटलं, पण जमेल म्हटलं. संध्याकाळी आभाळ भरून आलं, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि खिडकीशी उभा राहिलो.

ठकी आली. थांबली. काच खाली गेली, हात बाहेर आला. बाही पांढरी होती.

कार्ड टेकवून तो हात आत गेला नाही. तो तसाच खिडकीच्या कडेवर राहिला आणि त्याच्या मागोमाग डोकं बाहेर आलं. त्यानं वर पाहिलं, थेट आमच्या खिडकीकडे. तिसऱ्या मजल्यावरून नाकडोळे दिसत नाहीत. पण तो वर बघत असतानाच आत काहीतरी बोलला, आणि मग त्याच्या बाजूनं बायकोही वाकली आणि वर बघू लागली.

मी दिव्याखाली उभा होतो. मूर्खासारखा मी हात केला. ठरवल्याप्रमाणे हसलोसुद्धा.

तिचा हात तोंडावर गेला.

गाडी तळघरात शिरली. आज दारावर थाप पडली नाही. मी स्वयंपाकघरातून दाराशी आलो. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला, मग ती वर यायला लागली. बायको नेहमी एकटी येते. तिच्या सँडलची टकटक मला पाठ आहे. लिफ्ट थांबली, दार सरकलं आणि टकटकीबरोबर बुटांचा आवाज आला. सावकाश, घाई नसलेला.

माझा हात कडीवर होता. लावली असती तर आत कुणी येऊ शकलं नसतं. पण लावली असती तर मीच चोर ठरलो असतो, माझ्याच घरात. तिनं बाहेरून हाका मारल्या असत्या, लोक जमले असते, आणि मी उघडल्यावर सगळ्यांनी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं असतं.

"आत आहे तो," ती बाहेर कुजबुजली. "कालचाच. मी पाहिलं, आपल्या स्वयंपाकघरात."

"तू मागे हो," तो म्हणाला. आवाज माझाच होता, फक्त त्यात कडवटपणा नव्हता. "मी बघतो."

कुलपात किल्ली शिरली.

"नको ना रे जाऊस एकटा! त्याच्या हातात काही असलं तर? तुला काही झालं तर मी काय करू?"

खरं म्हणजे मला भीती वाटायला हवी होती. पण असा जीव तोडून, असा आवाज फाटेपर्यंत, ती माझ्यासाठी कधी बोलली नव्हती. एकदाही नाही. किल्ली फिरत होती. मी कडीवरचा हात काढला आणि दाराला कान लावला, ती त्याला आणखी काय म्हणते ते ऐकायला.